तलाव, रस्ता आणि पंधरावे कलम

कोल्हापूर म्हटले की तालमीची तांबडी माती, राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबागचे मैदान आणि फुटबॉलसाठी पेठापेठांत होणारी ईर्ष्या डोळ्यांपुढे येते. त्यात गेल्या काही वर्षांत आणखी एका खेळाची भर पडली आहे. आधी पोहायचे, मग सायकल मारायची आणि शेवटी धावायचे. मध्ये थांबणे नाही. या खेळाला ट्रायथलॉन म्हणतात. 'लोहपुरुष' या नावाने ही स्पर्धा कोल्हापुरातही भरते. पोहणे वगळून नुसते धावणे आणि सायकल असलेल्या स्पर्धेला ड्युएथलॉन म्हणतात. पावसाळा सरला, हवेत गारवा आला की या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. पहाटेच्या अंधारात महागड्या सायकली रांगेत लागतात. डॉक्टर येतात, इंजिनिअर येतात, उद्योजक येतात. त्यांच्या कष्टाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पन्नाशीतला माणूस पहाटे थंड पाण्यात उतरतो ही चेष्टेची गोष्ट नव्हे. परंतु या रांगेत कॉलेजचा संघ म्हणून, कॉलेजच्या नावाचा बनियन घालून आलेली खेड्यातली, वस्तीतली, वसतिगृहातली मुले किती दिसतात? हा प्रश्न या स्तंभातून विचारायचा आहे.

आधी खेळ समजून घेऊ. १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे काही धावपटूंनी गंमत म्हणून ही तीन अंगांची शर्यत भरवली. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाई बेटांवर पहिली 'आयर्नमॅन' शर्यत झाली. पंधराजण निघाले, बाराजण पोहोचले. त्या शर्यतीचे अंतर आजही तेच आहे: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन ऑलिम्पिकमध्ये आली. तिथले अंतर आटोपशीर आहे. दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणे. त्याच्याही निम्मी असते तिला स्प्रिंट म्हणतात. कॉलेजच्या मुलांना सुरुवातीला हीच बरी. २०१९ पासून गोव्यात अर्ध्या आयर्नमॅनची स्पर्धा होऊ लागली आणि कोल्हापूर, सांगली, बेळगावकडच्या हौशी लोकांना ही शर्यत दाराशी आली.

आता थंडीबद्दल. उन्हाळ्यातली शर्यत घामाने माणसाला संपवते. थंडीतली शर्यत पहिल्या मिनिटालाच परीक्षा घेते. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. थंड पाण्यात एकदम उडी टाकली की छाती आवळते, श्वास वर ओढला जातो आणि नेमके त्याच वेळी तोंड पाण्याखाली असले तर नाकातोंडात पाणी जाते. चांगले पोहणारेही इथे घाबरतात. म्हणून जाणकार शिक्षक मुलांना सुरुवातीच्या भोंग्याआधी पाण्यात उतरवतात, तोंडावर, मानेवर पाणी मारायला लावतात, श्वास मुद्दाम सावकाश सोडायला शिकवतात. दोन-तीन मिनिटांत शरीर सावरते. खरी थंडी मात्र पाण्याबाहेर असते. ओल्या अंगाने सायकलवर बसून ताशी तीस किलोमीटरने निघाले की तोच गार वारा अंगावरचे पाणी सुकवताना उरलीसुरली ऊबही घेऊन जातो. बोटे बधिर होतात. या खेळाचा नियम असा की हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. बधिर बोटांना तो पट्टा लागत नाही आणि पाण्यात कमावलेला अर्धा मिनिट तिथे उभ्या-उभ्या जातो. हँडलवर ब्रेक दाबायलाही हीच बोटे लागतात. अनुभवी खेळाडू अंग टिपायला जुने फडके, छातीला झाकेल असे पातळ जाकीट आणि हातमोजे सायकलजवळ ठेवतात. जाकीट नसेल तर छातीवर बनियनच्या आत वर्तमानपत्र घालायचे. ही सायकलपटूंची जुनी युक्ती आहे आणि बिनपैशाची आहे. आमच्या वाचकांकडे वर्तमानपत्राची वाण नाही.

कोल्हापूरची थंडी ती केवढी, असे कोणी म्हणेल. इथे पहाटे पारा बारा-चौदा अंशांवर आला की कडाका वाटतो. हिमालयाच्या पायथ्याशी गोष्ट वेगळी. अडतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा उत्तराखंडात भर हिवाळ्यात झाल्या. उद्घाटन २८ जानेवारी २०२५ ला होते, पण ट्रायथलॉन त्याआधीच, २६ जानेवारीला हल्द्वानीत झाली. त्या दिवशी महिलांमध्ये महाराष्ट्राच्या डॉली पाटीलने सुवर्ण आणि मानसी मोहितेने रौप्य पदक मिळवले. पुरुषांत मणिपूरचा सरुंगबम अथौबा मैतेई पहिला आला. म्हणजे थंडीतली ही शर्यत आपल्या राज्याच्या मुली जिंकू शकतात हे प्रजासत्ताकदिनीच सिद्ध झाले. योगायोग असेल, पण नोंद घेण्यासारखा आहे. त्याचे कारण पुढे येईल.

थंडीचा आणखी एक धर्म आहे. ती गरीब आणि श्रीमंत यांच्यातले अंतर वाढवते. पाणी थंड असेल तर वेटसूट नावाचा रबरी पोशाख घालायची परवानगी असते. फारच थंड असेल तर तो सक्तीचा होतो. पाणी ठराविक तापमानापेक्षा गरम असले की मात्र तो घालायला बंदी. बंदी का? तर तो पोशाख नुसती ऊब देत नाही, अंगाला तरंगवतो आणि त्यामुळे पोहणाऱ्याचा वेग वाढतो. म्हणजे कोमट पाण्यात सगळे उघड्या अंगाने समान आणि थंड पाण्यात ज्याच्याकडे पैसा तो वर तरंगतो! आपल्याकडच्या तलावांत ती वेळ सहसा येत नाही. पण राज्याबाहेर, देशाबाहेर जायचे तर हा पोशाख हवा. सायकलचे तेच. शर्यतीच्या साध्या सायकलला तीस-चाळीस हजार पडतात. वरच्या किमतीला तर मर्यादाच नाही. मोठ्या स्पर्धांची प्रवेश फीच पाच आकडी असते. एके काळी सायकल ही गरिबाची गाडी होती. गवळी, गिरणी कामगार, पोस्टमन यांची. आपल्या चळवळीच्या कार्यकर्त्यांच्या कितीतरी पिढ्यांनी गावोगाव सभा सांगत सायकलीच मारल्या. आता सायकल मोटारीच्या टपावर बसून येते!

परंतु पैसा ही अर्धीच गोष्ट झाली. या शर्यतीची रचना पाहा. प्रत्येक टप्प्याला वेळेची मुदत असते. अर्ध्या आयर्नमॅनमध्ये १.९ किलोमीटर पोहायला १ तास १० मिनिटे मिळतात. तेवढ्यात बाहेर आला नाही त्याची शर्यत तिथेच संपते. त्याचे पाय कितीही दमदार असोत, ते कोणाला दिसत नाहीत. म्हणजे या खेळाचे दार पाण्यात आहे आणि आपली मुले ज्यात तरबेज आहेत ते धावणे सर्वांत शेवटी आहे.

धावण्यात आपली मुले तरबेज आहेत हे आम्ही उगाच म्हणत नाही. कागल, करवीर, राधानगरी, भुदरगड, चंदगडच्या कोणत्याही रस्त्याला पहाटे पाच वाजता जाऊन पाहावे. भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी कडाक्याच्या थंडीत धावत असतात. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी, सैन्याच्या भरतीसाठी. पायात साधे बूट, अंगात जुना स्वेटर, पोटात काही नाही. त्यांना कोणी प्रशिक्षक नाही, आहारतज्ज्ञ नाही. भरती झाली तर धावणे सार्थकी लागले, नाही झाली तर वयाची अट संपते आणि ते पाय उसाच्या फडात किंवा एमआयडीसीच्या पाळीत जिरून जातात. थंडीचा सराव म्हणाल तर या मुलांना पुरेपूर आहे. सायकलवर दप्तर लावून रोज आठ-दहा किलोमीटर शाळा केलेलीही यांत पुष्कळ आहेत. अडते ते पाण्यापाशी.

आणि पाण्यापाशी अडणे ही आपल्याला नवी गोष्ट आहे काय?

याच कोल्हापुरात राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे नोकरीला होते. तिथल्या हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना सवर्ण नोकरांनी मारहाण केली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना चहाचे हॉटेल घालून दिले. त्या 'सत्यसुधारक' हॉटेलात महाराज स्वतः चहा घेत आणि आपल्याबरोबरच्या बड्या लोकांनाही पाजत, ही गोष्ट आमच्या वाचकांना पाठ आहे. परंतु त्या गोष्टीत आपण चहा लक्षात ठेवतो आणि हौद विसरतो. सुरुवात हौदापासून झाली होती. १९१९ मध्ये महाराजांनी हुकूम काढून संस्थानातले सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा अस्पृश्यांना खुले केले. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा कागदावरचा ठराव प्रथम ओला झाला. मग काय झाले? लोकांवर हल्ला झाला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. कोर्टाची लढाई १९३७ पर्यंत चालली. मुंबई हायकोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला तेव्हा बाबासाहेबांनी पाण्याला हात लावून दहा वर्षे होत आली होती.

भारतीय संविधानाचे पंधरावे कलम आता पुन्हा उघडून वाचा. त्याचा दुसरा उपखंड सांगतो की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला काही ठिकाणी अडवता येणार नाही. त्या ठिकाणांत दुकाने आहेत, हॉटेले आहेत, करमणुकीच्या जागा आहेत. आणि सरकारी पैशातून राखलेल्या किंवा सर्व जनतेसाठी दिलेल्या विहिरी आहेत, तलाव आहेत, स्नानघाट आहेत, रस्ते आहेत, सार्वजनिक वावराच्या जागा आहेत. ट्रायथलॉनचा मार्ग तो याहून वेगळा काय? तलावात उतरायचे, घाटाच्या पायऱ्या चढून वर यायचे, रस्त्याने सायकल न्यायची, रस्त्यानेच धावायचे. या स्पर्धेचा संपूर्ण नकाशा संविधानाच्या एका उपखंडात मावतो! ज्या देशात आपल्या पूर्वजांना तळ्याला शिवायची बंदी होती, पेशवाईत रस्त्यावर पावलाची खूण उरू नये म्हणून ज्यांच्या कमरेला झाडू बांधला गेला, त्या देशात तळ्यातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून मैदानात कोणीही कोणाच्याही पुढे जाऊ शकतो असा हा खेळ आहे. म्हणूनच २६ जानेवारीच्या त्या शर्यतीची नोंद आम्ही वर घेतली.

दार उघडले म्हणजे माणसे आत गेली असे होत नाही, हेही महाडनेच शिकवले. आजचे दार जातीचे नाव घेत नाही. ते वेळेचे आणि फीचे असते. कोल्हापूर महानगरपालिकेचा रंकाळ्याजवळचा अंबाई टँक आहे. शहरातली मुले तिथे पोहायला शिकतात. याच शहराने वीरधवल खाडेसारखा ऑलिम्पिकपर्यंत गेलेला जलतरणपटू दिला. बीजिंगला, २००८ साली. पण गगनबावड्याच्या किंवा आजऱ्याच्या मुलाने रोज तलावावर यायचे कसे? एसटीचे भाडे, बॅचची वेळ, पोहायचा पोशाख, डोळ्यांचा चष्मा, टोपी. यातली एकही वस्तू मोठी नाही आणि सगळ्या मिळून दार बंद करतात.

खेड्यातली मुले पोहत नाहीत असे मुळीच नाही. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलून द्यायचे, हे आपल्याकडचे पोहण्याचे विद्यापीठ. पण ती विहीर कोणाची, हा प्रश्न तिथेही असतोच. ज्याची जमीन त्याची विहीर. ज्यांच्या वाट्याला जमीनच आली नाही त्यांची मुले मालकाच्या विहिरीवर कितपत मोकळेपणाने उड्या मारणार? राहिली नदी. नदीचा पाणवठाही पूर्वी वरचा आणि खालचा असे. अस्पृश्यांचा नेहमी खालच्या अंगाला, वरच्यांनी वापरून आलेल्या पाण्यात. आता तो भेद उघड बोलला जात नाही. तरीही भोगावती, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशीच्या काठची आपली पुष्कळ मुले पाण्याला भीत नाहीत. ही त्यांची फार मोठी शिदोरी आहे. त्यांना शिकवायचे ते वेगळेच. डोके वर ठेवून, हात आपटत पोहले की दोनशे मीटरमध्ये दम जातो, कारण डोके वर काढले की पाय बुडतात आणि ते ओढत न्यावे लागतात. तोंड पाण्यात ठेवायचे, श्वास पाण्यात सोडायचा आणि मान न उचलता बाजूला वळवून घ्यायचा, एवढी एक गोष्ट अंगवळणी पडायला दोन-तीन महिने लागतात. ती आली की दोनशेचे हजार होतात. यात जात नाही, रक्त नाही, वंश नाही. शिकवणारा आणि पाणी पाहिजे.

मुलींची अडचण दुप्पट. तलावावर स्त्रियांसाठी वेळ ठरलेली, ती बहुधा दिवसाची आणि कामाची. पोहायच्या कपड्यांवरून घरात कुरबुर. आणि नदीवर पोहणाऱ्या मुलाला गाव 'धाडसी' म्हणते, मुलीला काय म्हणते ते लिहायची गरज नाही. सावित्रीमाईंच्या अंगावर शेण पडले ते शाळेच्या वाटेवर. आपल्या मुलीला तलावाच्या वाटेवर सोबत द्यायला आज आपण तयार आहोत का, हे प्रत्येकाने घरातच विचारावे. सभेत विचारायला सोपे आहे.

पाणी आणि वर्णभेद यांचे नाते केवळ आपल्याकडचे नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य सांगितले होते. त्या देशात गोऱ्यांच्या तलावात काळ्यांना प्रवेश नव्हता. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिन गावात काळे आणि गोरे आंदोलक एका मोटेलच्या तलावात एकत्र उतरले, तेव्हा मालकाने त्या पाण्यात आम्ल ओतले. त्याची छायाचित्रे जगभर गेली आणि दोनच आठवड्यांत नागरी हक्कांचा कायदा झाला. मग गावांनी काय करावे? मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने काळ्यांना तलाव खुले करण्याऐवजी सार्वजनिक तलाव चालवणेच सोडून दिले आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका मताच्या बहुमताने ते चालवून घेतले. महाड नगरपालिकेच्या मागे घेतलेल्या ठरावाची आठवण होते की नाही? परिणाम असा झाला की काळ्यांच्या पिढ्यानपिढ्या पोहायला शिकल्याच नाहीत आणि पुढे लोक म्हणू लागले, 'यांना पोहणे जमतच नाही, यांची हाडेच जड!' आधी तलाव बंद करायचा आणि मग बुडणाऱ्याच्या हाडांना दोष द्यायचा. ही विद्या आपल्याला चांगली परिचयाची आहे.

पण त्या समाजाने तिथे थांबणे मान्य केले नाही. अमेरिकेच्या कॉलेज क्रीडा संघटनेने २०१४ मध्ये मुलींच्या ट्रायथलॉनला उगवत्या खेळांच्या यादीत घेतले. त्यानंतर कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या संस्थांपैकी हॅम्प्टन विद्यापीठाने सर्वांत आधी मुलींचा ट्रायथलॉन संघ उभा केला. एका मुलीने स्वतःच्या पैशाने सायकल घ्यावी, तलावाची फी भरावी आणि एकटीने गोऱ्यांच्या रांगेत उभे राहावे असे त्यांनी म्हटले नाही. संस्थेने संघ केला. २०२१ मध्ये सिका हेन्री ही व्यावसायिक दर्जा मिळवणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन महिला ट्रायथलीट ठरली. उगवता खेळ असेल तेव्हाच आत शिरावे, जुना झाला की त्याची दारे जड होतात, हे त्यांना कळले.

आता काहीजण म्हणतील की खेळात जात कशाला आणता? आम्ही आणत नाही. ती आलेली आहे. पळवणकर बाळू यांच्यासारखा गोलंदाज मैदानात सर्वांच्या हातातला चेंडू हातात घेत होता आणि चहाच्या वेळी त्याच्यासाठी कप वेगळा होता. तेव्हा जात कोणी आणली होती? आज कप वेगळा नाही. आज रांगेतच आपण नाही. आणि ज्यांना हा खेळ श्रीमंतांचे चोचले वाटतात, त्यात आपलेही काही कार्यकर्ते आहेत, त्यांनाही सांगणे आहे. शिक्षणालाही एकदा लोक ब्राह्मणांचे चोचले म्हणत होते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. ज्या खेळात गर्दी कमी त्या खेळात पदकाचा रस्ता मोकळा असतो. नेमबाजी हाही श्रीमंतांचाच खेळ होता. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे क्रीडा प्रबोधिनीत गेला, रेल्वेत नोकरीला लागला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिकचे कांस्यपदक घेऊन आला. त्याच्या हातात बंदूक प्रथम ठेवली ती संस्थेने.

कोल्हापूरच्या कॉलेजांना तर ही परंपरा नव्याने सांगायची गरज नाही. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक अशा रीतीने आले. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, याच शहरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. राहायची सोय झाल्याशिवाय शिकायची सोय होत नाही हे महाराजांना कळत होते. पोहण्याचेही तसेच आहे. आज कोणा प्राचार्याने घर गहाण ठेवावे असे आम्ही म्हणत नाही. प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थ्याकडून कॉलेज जिमखाना फी घेते. आपल्या मुलांची ती शिष्यवृत्तीतून किंवा आईच्या मजुरीतून जाते. त्या फीचे काय होते, हे विचारायचा हक्क ती भरणाऱ्याला आहे.

तर विचारावे आणि विचारून झाल्यावर मागणीही नेमकी करावी. नुसता 'खेळाला प्रोत्साहन द्या' असा अर्ज दिला की तो फायलीत जातो. या शर्यतीत संघाचा एक प्रकार असतो, त्याला रिले म्हणतात. एकाने पोहायचे, दुसऱ्याने सायकल मारायची, तिसऱ्याने धावायचे. हौशी स्पर्धांत पायाला बांधलेला वेळमोजणीचा पट्टा एकाने काढून दुसऱ्याच्या पायाला बांधायचा, एवढीच बदली. एकट्याला जे परवडत नाही ते तिघांना परवडते. तीन सायकली लागत नाहीत, एक लागते. तिघांनाही पोहता यायला हवे असे नाही, एकाला आले की पुरते. भरतीसाठी धावणाऱ्या मुलाचे पाय अशा संघात पहिल्याच वर्षी उपयोगी पडतात आणि संघात असता असता तो पाण्यात उतरायला शिकतो. प्रत्येक कॉलेजने दोन शर्यतीच्या सायकली आणि सहा हेल्मेटे जिमखान्याच्या मालकीची ठेवावीत. व्हॉलीबॉलचे जाळे जसे कॉलेजचे असते तशी सायकल कॉलेजची. ती कोणा एका खेळाडूच्या घरी नसावी. वेटसूटची आपल्या हवेत गरज नाही, त्यावर पैसा घालू नये. पालिकेच्या तलावावर मागासवर्गीय वसतिगृहांच्या मुला-मुलींसाठी फी माफ असलेली एक बॅच असावी, आणि मुलींची बॅच कॉलेजच्या तासांच्या वेळेत नसावी. शिवाजी विद्यापीठाच्या परिसराला लागून राजाराम तलाव आहे. तिथे जीवरक्षक, होडी आणि माहितगार शिक्षक असल्याशिवाय कोणी पाण्यात उतरू नये, आणि ती व्यवस्था आठवड्यातून एक सकाळ करणे विद्यापीठाला अशक्य नाही.

वेळेचा हिशेब साधा आहे. शर्यती थंडीत असतात. तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायला शिकायला दोन-तीन महिने, साडेसातशे मीटर न थांबता जायला आणखी दोन. म्हणजे कॉलेज उघडल्याबरोबर सुरुवात केली तर डिसेंबर गाठता येतो, दिवाळीनंतर जाग आली तर नाही. जिमखाना समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी असतो. तो आपल्यापैकी असेल तर त्याला हा अंक दाखवावा, नसेल तर तिघांनी मिळून प्राचार्यांना भेटावे. पोहणारा शोधताना शहरातल्या तलावावर न जाता आधी वसतिगृहात, नदीकाठच्या गावांतून आलेल्या मुलामुलींत विचारावे.